कॅम्प नंबर चार, मंडपम आणि नाउरू: होडीने आलेल्या माणसाला उत्तर कधी मिळतं?

कोपरीपूर्व

मंडळी, धागा थोडा लांबणार आहे. बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून लिहितेच.

जानेवारीत आम्ही चौदा जणी ठाण्याहून रामेश्वरला गेलो होतो. पांबनचा पूल यायच्या आधी मंडपम नावाचं गाव लागतं. तिथे चहाला उतरलो. टपरीशेजारी बसची वाट बघत एक बाई उभी होती, छातीशी प्लास्टिकची फाइल धरलेली. आमच्यातल्या एकीचं बालपण माटुंग्यात गेलंय, तिला तमिळ येतं. दोघी बोलायला लागल्या. बाई तिथल्या कॅम्पात राहणारी निघाली. १९९० साली, नऊ वर्षांची असताना, श्रीलंकेतल्या तलैमन्नारहून रात्रीच्या होडीने आईबरोबर आलेली. वडील मागून येणार होते, ते आले नाहीत. आता तिची पंचेचाळिशी. मुलगी बारावीला. फाइलमध्ये मुलीचा कॉलेजचा अर्ज होता. सगळा नीट भरलेला, फक्त 'राष्ट्रीयत्व' हा रकाना कोरा. तिथे काय लिहायचं ते विचारायला ती सरकारी कचेरीत निघाली होती. मुलीचा जन्म इथलाच, रामनाथपुरमचा.

घरी आल्यावर हे शेजारच्या दादींना सांगितलं. दादी सिंधी, वय पंचाऐंशी, आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांच्याच दादी. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत मोठी दंगल झाली, त्यानंतर महिन्याभरात त्या आगबोटीने मुंबईला उतरल्या. तेव्हा सात वर्षांच्या. गोदीतून थेट आगगाडीत बसवलं आणि कल्याणच्या लष्करी छावणीत आणून सोडलं. दादी म्हणाल्या, "आमचापण कॅम्पच होता बेटा. एका बराकीत आठ घरं, मधे गोणपाट टांगलेलं. पावसात ते भिजलं की जो वास सुटायचा ना, अजूनही रेशनच्या दुकानात ओलं पोतं असलं की मी बाहेर येऊन उभी राहते."

८ ऑगस्ट १९४९ ला राजाजींच्या हस्ते तिथे कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. म्हणजे दादी आल्यापासून दीड वर्षात. आजही रिक्षावाले 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' अशीच हाळी देतात, पण तो आता नुसता पत्ता आहे. मंडपमच्या त्या बाईला कॅम्प ही ओळख म्हणून चिकटलेली आहे, छत्तीस वर्षं.

दोघीही जीव वाचवून पाण्यावरून आल्या. एकीला सरकारने दीड वर्षात गाव दिलं, दुसरीच्या मुलीला रकान्यात भरायला एक शब्द देता येत नाही. हे असं का? यातलं कायद्याचं कळणारी, समुद्रावर काम केलेली, दक्षिणेत राहिलेली माणसं इथे आहेत. कृपया लिहा.

---

पामबीच

कोपरीपूर्व ताई, लेखन मनापासून आहे, पण तुलना मला पटली नाही, ते स्पष्ट लिहितो.

सिंधी मंडळी परकी नव्हतीच. अखंड हिंदुस्थानातली माणसं, फाळणीने घर सुटलेली. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात त्यांच्यासाठी सोय आहे: १९ जुलै १९४८ च्या आत आलेले आणि इथे राहिलेले थेट नागरिक, त्यानंतर आलेल्यांनी अर्ज करून नोंदणी करायची. श्रीलंकेहून आलेला माणूस कितीही दुःखात असला तरी दुसऱ्या देशाचा नागरिक आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदाच नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका श्रीलंकन तमिळाच्या प्रकरणात भारत ही धर्मशाळा नाही असं तोंडी सुनावलं होतं.

आणि आपण कुठे राहतो ते विसरू नका. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण समुद्रातूनच आले. पकडलेल्या मच्छीमार बोटीतून आले आणि रबरी होडीने बधवार पार्कच्या कोळीवाड्यात उतरले. माझा चुलत भाऊ त्या रात्री सीएसएमटीहून शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी पकडून घरी आला. त्यामुळे 'होडीने कोणी आलंय' हे वाचलं की माझ्या पोटात आधी गोळा येतो, दया नंतर येते. सरकारने आधी तपासावं, मग ठरवावं. यात निर्दयपणा नाही.

---

मासुंदा

पामबीच यांच्याशी सहमत. तरी छत्तीस वर्षं 'तपासणं' चालू राहतं का, हा प्रश्न उरतोच.

---

डेकवरून

मी नेरुळला राहतो. पंचवीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, आता किनाऱ्यावर आहे. कायद्याचं इतरांनी लिहावं, मी होडी समोर आली की काय होतं ते लिहितो.

२०१४ सालची गोष्ट. माल्टाच्या दक्षिणेला होतो. चार ते आठची वॉच माझी होती. पहाटे रोमच्या सागरी बचाव समन्वय केंद्राकडून फोन आला, तुमच्यापासून अकरा मैलांवर एक लाकडी होडी आहे, इंजिन बंद, जा. मास्टरला, म्हणजे कप्तानाला, उठवलं. त्यांनी एकच विचारलं, "आपलं फ्रीबोर्ड किती?" म्हणजे पाण्यापासून डेक किती उंच. जहाज मालाने भरलेलं होतं म्हणून कमी होतं. रिकामं असतं तर दोरीच्या शिडीवरून बायका-पोरांना वर घेणं जवळजवळ अशक्य.

एकाहत्तर माणसं होती. सगळ्यात आधी एक बाळ वर आलं, बोसनने (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने) मासळीच्या पाटीएवढ्या कॅनव्हासच्या झोळीत ओढून घेतलं. त्याची आई शिडीची पहिली पायरी सोडेना. ओरडून सांगितलं तरी तिला वाटत होतं की आम्ही बाळ घेऊन निघून जाऊ. शेवटी बोसनने बाळाला कडेवर घेऊन रेलिंगपाशी उभं राहून तिला दाखवत ठेवलं, तेव्हा ती चढली. तिच्या मुठीत तीन पदरी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद होता. वर आल्यावर पाणीसुद्धा न पिता आधी तो कागद कोरडा आहे का ते तिने पाहिलं. आमचा कुक रत्नागिरीचा. त्याने न सांगताच तीन मोठी पातेली डाळ-भात चढवला. पंचवीस माणसांच्या शिध्यात एकाहत्तर वाढली, म्हणून चीफ ऑफिसर आणि तो रात्री बसून तांदूळ मोजत होते.

तेव्हा इटलीची मोठी शोधमोहीम चालू होती, त्यामुळे रोमने लगेच सिसिलीतलं बंदर सांगितलं आणि दोन दिवसांत आम्ही त्यांना उतरवलं. ती मोहीम वर्षभरच टिकली. महिन्याला साधारण नव्वद लाख युरो खर्च येत होता आणि युरोपातले इतर देश वाटा उचलायला तयार नव्हते.

आता पामबीच साहेबांसाठी. बुडणाऱ्या माणसाला उचलायचं की नाही हे जहाजाच्या मास्टरला निवडता येत नाही. समुद्रातल्या जीवरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात ते बंधन आहे आणि त्यात माणसाचं नागरिकत्व, तो कशाने त्या परिस्थितीत आला, काहीच विचारायचं नसतं. घोळ पुढे होतो. उचललेली माणसं उतरवायची कुठे?

२६ ऑगस्ट २००१ ला 'टाम्पा' या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने ऑस्ट्रेलियाच्याच सांगण्यावरून इंडोनेशियाच्या दक्षिणेला ४३३ माणसं उचलली. बहुतेक अफगाणिस्तानातले हजारा जमातीचे. जहाजावर पन्नास माणसांपुरतीच जीवरक्षणाची साधनं होती. ऑस्ट्रेलियाने आपल्या ख्रिसमस बेटाच्या हद्दीत यायला मनाई केली. कप्तान आत शिरला तर लष्कराचे कमांडो जहाजावर चढवले. शेवटी काहींना न्यूझीलंडने घेतलं, बाकीच्यांना नाउरू नावाच्या चिमुकल्या बेटावर पाठवलं. त्यानंतर नियम सुधारले, किनाऱ्यावरच्या सरकारांनी मास्टरला लवकर मोकळं करावं असं २००६ पासून लागू झालं. तरी २०२० साली माल्टाबाहेर एका डॅनिश टँकरवर सत्तावीस माणसं अडतीस दिवस अडकून पडली, कोणीच उतरवून घेईना.

याचा परिणाम सांगतो, कारण तो कागदावर कुठे दिसत नाही. जहाज अडकलं की मालकाचं रोजचं भाडं बुडतं. मग पुढच्या वेळी दूरवर होडी दिसली की ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, कोणाच्या तरी मनात येतं, 'आपल्याला दिसलीच नाही असं धरलं तर?' मी असं करणारा मास्टर पाहिलेला नाही, पण हा विचार मनात आलेली माणसं पाहिली आहेत. किनाऱ्यावरच्या सरकारने दार लावलं की समुद्रातलं डोळे उघडे ठेवणंही महाग होत जातं.

---

खाडीकिनारा

डेकवरून, बाळाचं वाचून थांबलेच. त्या कागदात काय होतं?

---

डेकवरून

@खाडीकिनारा, विचारलं नाही. शाळेचा दाखला असावा असं बोसन म्हणाला, त्यावर लहान मुलीचा फोटो होता.

---

घोडबंदरची आई

माझा मुलगा मेलबर्नला असतो, गेली अकरा वर्षं. त्याच्याकडे दोनदा सहा-सहा महिने राहून आले म्हणून तिकडची बाजू लिहिते. तिकडचे लोक दुष्ट नाहीत हो. त्यांच्या सोसायटीत एक अफगाण कुटुंब आहे, दिवाळीला फराळ देवाणघेवाण होते. पण होडीचा विषय निघाला की चांगली चांगली माणसंही म्हणतात, रांगेत यावं.

त्यांचं म्हणणं असं. होडीवाले दलाल माणसामागे हजारो डॉलर घेतात आणि फुटक्या होड्यांत भरतात. ऑक्टोबर २००१ मध्ये एकच होडी बुडाली आणि ३५३ जण गेले, बहुतेक बायका-मुलं. २००८ ते २०१३ मध्ये बाराशेच्या आसपास माणसं त्या वाटेवर बुडाली असं सांगतात. मग १९ जुलै २०१३ ला तिथल्या पंतप्रधानांनी, केविन रड यांनी, जाहीर केलं की यापुढे होडीने येणाऱ्या कोणालाही ऑस्ट्रेलियात कधीच वसू देणार नाही, मग तो खरा निर्वासित का ठरेना. पुढच्या सरकारने नौदल लावून होड्या परत फिरवल्या. होड्या जवळजवळ थांबल्या, बुडणंही थांबलं. दुसरीकडे दरवर्षी हजारो निर्वासितांना ते रीतसर विमानाने आणतात. माझा मुलगा म्हणतो, "आई, मीपण गुण मोजून, परीक्षा देऊन, पैसे भरून आलो ना?"

मला त्याचं म्हणणं खोडता येत नाही. पण नाउरूवर लहान मुलं खाणं-पिणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडून राहायची हे तिकडच्या बातम्यांत बघितलं होतं. तेव्हा माझा नातू तीन वर्षांचा होता. त्या रात्री मी त्याच्या खोलीतच झोपले.

---

कोपरीपूर्व

किती मनापासून लिहिताय सगळे. दोन गोष्टींवर लिहिते.

एक, पामबीच यांनी १९ जुलै १९४८ ही तारीख दिली आणि घोडबंदरच्या आईंनी १९ जुलै २०१३. पासष्ट वर्षांच्या अंतराने तोच दिवस! एका तारखेच्या आत आलेला माणूस देशाचा झाला, दुसऱ्या तारखेनंतर आलेला कधीच होणार नाही. पळताना कोणी कॅलेंडर बघत असेल का? दादींचे थोरले काका कराचीत दुकानाचा हिशोब मिटवायला मागे राहिले, ते ऑगस्ट १९४८ मध्ये आले. त्यांना अर्ज करावा लागला, चकरा झाल्या, पण अर्ज करायला खिडकी होती. मला ती खिडकी महत्त्वाची वाटते.

दुसरं, रांगेचं. डोंबिवलीची लोकल असो की रेशन, रांग आपल्याला कळते, म्हणून हा मुद्दा लगेच पटतो. पण संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था स्वतःच सांगते की जगातल्या निर्वासितांपैकी एका वर्षात शंभरात एकालाही तिसऱ्या देशात वसायला जागा मिळत नाही. ही रांग पुढे सरकतच नाही, ताई. आणि तुमच्या मुलाकडे पासपोर्ट होता. ज्याला स्वतःच्याच सरकारपासून पळायचंय त्याने पासपोर्टसाठी कोणाच्या दारात उभं राहायचं?

बुडून मरणं थांबलं हे मात्र मी मान्य करते. तो मुद्दा मला रात्रभर टोचत राहिला.

---

सीवूड्स_४०

नमस्कार. मी मूळची मदुराईची, लग्नानंतर तीस वर्षं नवी मुंबईत. मराठीत चुका झाल्या तर सांभाळून घ्या. माझी मावशी रामनाथपुरम जिल्ह्यात सरकारी शाळेत शिकवायची, तिच्या वर्गात कॅम्पातली मुलं असत. म्हणून मंडपमबद्दल मी लिहायला हवं.

मंडपमचा कॅम्प मुळात निर्वासितांसाठी बांधलेलाच नाही. इंग्रजांच्या काळात सिलोनच्या चहामळ्यांवर जाणाऱ्या तमिळ मजुरांना तिथे रोगाच्या भीतीने अडकवून ठेवत, तपासून मग होडीत बसवत. त्याच मजुरांच्या नातवंडांपैकी काही १९८३ नंतर उलट दिशेने त्याच जागी येऊन पडली. १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळली, तिथून लाटा सुरू झाल्या. २०१२ पर्यंत तीन लाखांच्या वर माणसं आली. बरीच परत गेली, काही परदेशी गेली. आज शंभराहून जास्त कॅम्पांत साधारण अठ्ठावन्न हजार आहेत, बाहेर पोलिसांकडे नोंद करून राहणारे आणखी तीस-पस्तीस हजार.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तमिळनाडूत त्यांना रेशन मिळतं, मुलं सरकारी शाळेत शिकतात, महिन्याला पैसे मिळतात. २०२१ मध्ये मुख्यमंत्री स्टालिन यांनी ३१७ कोटींची योजना जाहीर केली, त्यात ७,४६९ पक्की घरं बांधायचं ठरलं, घरच्या कर्त्या माणसाचा भत्ता दीड हजार केला. 'निर्वासित कॅम्प' हे नाव बदलून 'पुनर्वसन कॅम्प' केलं. पण महिन्याची हजेरी आहे. हजेरीला नसलात तर पैसे नाहीत. मावशी सांगायची, वर्गात एका मुलाला 'मोठेपणी काय होणार' विचारलं तर तो म्हणाला, "टीचर, पेंटर. आमच्याकडे सगळे पेंटर होतात." इंजिनिअर झालेली मुलंही इमारतींना रंग लावतात, कारण सरकारी नोकरीला नागरिकत्व लागतं आणि खासगी कंपनी पासपोर्ट मागते.

पामबीच दादा, सुरक्षेचं तुमचं बरोबर आहे, आणि तपासणी होतेही. २०२२ मध्ये श्रीलंकेत दूध पावडर, गॅस, औषध मिळेनासं झालं तेव्हा परत होड्या यायला लागल्या. होडीवाले धनुष्कोडीच्या पुढच्या वाळूच्या बेटांवर माणसं उतरवून अंधारात परत फिरायचे. तान्ह्या मुलांना घेऊन ती माणसं उन्हात पाण्याविना बसून राहायची, मग कोस्ट गार्ड येऊन न्यायचं. सागरी पोलीस, मग क्यू ब्रँचची (तमिळनाडू पोलिसांच्या गुप्तवार्ता शाखेची) चौकशी, मग मंडपम. ही माणसं लपायला येत नाहीत, पोलीस दिसला की त्यांना हायसं वाटतं. पोट भरून जिवंत ठेवण्यात आपण कुठेही कमी पडलो नाही. पुढे काय, हे मात्र दिल्लीने चाळीस वर्षांत सांगितलं नाही.

सांगितलं ते एवढंच. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान आहेत, श्रीलंका नाही. २०२५ च्या नव्या परकीय नागरिक कायद्याखालच्या आदेशात ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या आणि नोंदणी झालेल्या श्रीलंकन तमिळांना कागदपत्रं नसल्याबद्दलच्या शिक्षेतून सूट दिली आहे. हे मोठं आहे, डोक्यावरची तलवार गेली. पण शिक्षा होणार नाही आणि तू इथला आहेस या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

आता घोडबंदरच्या आईंच्या ऑस्ट्रेलियाशी हे कसं जुळतं ते सांगते. जून २०१४ मध्ये १५७ तमिळांची एक होडी ऑस्ट्रेलियाकडे निघाली. ती श्रीलंकेहून नव्हती निघाली, आपल्या पाँडिचेरीहून निघाली होती. त्यांत कितीतरी आपल्याच कॅम्पांत राहिलेली माणसं होती. लहान मुलं होती. ऑस्ट्रेलियाने त्यांना समुद्रातच पकडून जवळपास महिनाभर एका सरकारी जहाजावर कोंडून ठेवलं. भारताचे अधिकारी भेटायला तयार झाले, त्या माणसांनी भेटायला नकार दिला. मग सगळ्यांना नाउरूला नेलं. ऑस्ट्रेलियाच्या कोर्टात खटला चालला, सात न्यायाधीशांपैकी चौघांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला.

मी त्या वेळी बेलापूरच्या स्टेशनवर उभी राहून ही बातमी वाचली. भारतात गोळी नव्हती, उपासमार नव्हती. तरी ही माणसं पोरांना घेऊन पुन्हा होडीत का बसली? त्यांना भारतीय अधिकाऱ्याला भेटायचंही नव्हतं. जिने आपल्याला आसरा दिला त्या भूमीकडे परत यायला ती माणसं इतकी का घाबरली? मला वाटतं हजेरीला घाबरली.

---

मासुंदा

शेवटचं वाक्य वाचून बोलायला काही सुचत नाही. ताई, मराठीची काळजी करू नका.

---

शेवेकर

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

आम्ही उरणचे. आमचं गाव शेवा कोळीवाडा. न्हावा-शेवा बंदर आलं तेव्हा ऐंशीच्या दशकात आमची वस्ती उठवली. तात्पुरती सोय म्हणून दुसऱ्या जागी नेऊन ठेवली, तिला हनुमान कोळीवाडा नाव पडलं. तात्पुरतीच म्हणाले होते. जागा कमी आणि जमिनीला वाळवी. वाळवी म्हणजे कशी, तर आमच्या घराची चौकट माझ्या बापाने तीनदा बदलली. बाहेरून रंग तसाच असतो, बोट दाबलं की आत जातं. देव्हाऱ्याचा पाट खाल्ला, आजीच्या लग्नाची पेटी खाल्ली. रात्री शांत असलं की भिंतीत कुरकुर ऐकू येते. चाळीस वर्षं होत आली. पोरांनी होड्या घेऊन बंदराचा समुद्र अडवला, तेव्हा बैठका झाल्या.

आम्ही निर्वासित नाही. आमच्याकडे मतदान कार्ड आहे, सातबारा होता, पासपोर्ट काढता येतो. मंडपमच्या बाईची आणि आमची बरोबरी मी करत नाही, तिचं दुःख मोठं. पण 'संक्रमण शिबिर' म्हणजे काय असतं हे आम्हाला शिकवायला नको. तात्पुरत्या घरात माणूस झाड लावत नाही. माझ्या बापाला आंब्याची हौस, पण त्याने कधी कलम लावलं नाही. विचारलं तर म्हणायचा, फळ धरेपर्यंत आपण इथे नसू. तो गेला. कलम लावलं असतं तर आज माझ्या पोरांनी आंबे खाल्ले असते.

पामबीच साहेब, २००८ नंतर आम्हा मच्छीमारांना ओळखपत्रं दिली, दर खेपेला नोंदी आल्या, समुद्रात अडवून तपासतात. आम्ही तक्रार केली नाही, देशाचं काम आहे. पण आमच्या माणसाला बुडणारी होडी दिसली तर तो आधी दोर टाकतो. आजवर असंच चालत आलंय.

---

पामबीच

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. शेवेकर, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं.

माझं मत थोडं बदललंय, सगळं नाही. नवीन येणाऱ्यांची कडक चौकशी हवी, यावर मी ठाम आहे. किनारा मोकळा सोडता येणार नाही. पण चौकशीला मुदत हवी. सहा महिने घ्या, वर्ष घ्या. त्यानंतर 'राहा' किंवा 'परत जा', आणि परत जाणं जिवावरचं असेल तर 'राहा'च. आमच्या ऑफिसात साध्या परवान्याच्या फायलीलाही किती दिवसांत उत्तर द्यायचं ते ठरलेलं असतं. माणसाच्या फायलीला नसावं हे बरोबर नाही.

एक माहितीची भर. भारतात २६ जानेवारी १९५० ला किंवा नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेला कोणीही जन्मानेच नागरिक आहे, आईबाप कुठलेही असोत. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने याच कलमावर मंडपमच्या कॅम्पात १९८६ ला जन्मलेल्या एका बाईला पासपोर्ट द्यायला सांगितलं. २०२४ च्या लोकसभेला तिने मतदान केलं. म्हणजे १९८३ ते ८७ मध्ये कॅम्पात जन्मलेली मंडळी आजही कायद्याने भारतीय असून स्वतःला निर्वासित समजत असतील. त्यांना हे कोणीतरी घरी जाऊन सांगायला हवं. सीवूड्स ताई, तुमच्या ओळखीत पोचवता आलं तर बघा.

---

सीवूड्स_४०

@पामबीच, आजच मावशीला फोन करते. तिच्या जुन्या वर्गांच्या हजेरीपटात जन्मतारखा असतात. तिने काही वह्या घरी ठेवल्या आहेत.

---

घोडबंदरची आई

मुलाला हा धागा पाठवला होता. त्याने वाचला. म्हणाला, न्यूझीलंडने २०१३ पासून दरवर्षी दीडशे जण घ्यायची तयारी दाखवली होती आणि ऑस्ट्रेलियाने ती २०२२ पर्यंत स्वीकारली नाही. का, तर न्यूझीलंडचे नागरिक होऊन ते मागच्या दाराने ऑस्ट्रेलियात येतील म्हणून. अमेरिकेने साडेबाराशेपर्यंत घ्यायचं २०१६ मध्ये कबूल केलं, तेही वर्षानुवर्षं रेंगाळलं. हे आकडे त्यानेच शोधून पाठवले. होड्या थांबवणं वेगळं आणि आधीच पकडलेल्यांना नऊ वर्षं लटकवणं वेगळं, हे त्याला पटलं. "पहिलं करायला दुसरं लागतंच असं मी समजत होतो," असं लिहिलंय त्याने. कोपरीपूर्व ताई, टोचण मलाही आहे. बुडणं थांबायलाच हवं, मग जवळच्या देशातच अर्ज घेऊन लवकर निकाल दिला तर कोणाला होडीत बसावंसं वाटेल?

---

डेकवरून

घोडबंदरच्या आई, व्हिएतनामच्या वेळी साधारण हेच केलं होतं. १९७९ ला जीनिव्हात देश एकत्र बसले. किनाऱ्यावरच्या देशांनी उतरवून घ्यायचं, दूरच्या देशांनी वसवून घ्यायचं, असं वाटून घेतलं. तेव्हा ऑस्ट्रेलियानेही विमानं भरभरून माणसं नेली. नंतर नंतर त्यातही चाळण्या आल्या, बऱ्याच जणांना परत पाठवलं, पण जहाजाच्या मास्टरला तोवर एक माहीत असायचं की आपण उचललेल्या माणसाला कोणीतरी घेणार आहे. मी नोकरीला लागलो तेव्हाचे जुने कप्तान हे सांगायचे.

---

कोपरीपूर्व

काल संध्याकाळी हा सगळा धागा दादींना वाचून दाखवला, निम्मा मराठीत, निम्मा हिंदीत. आंब्याच्या कलमापाशी त्यांनी हाताने थांबवलं. मग म्हणाल्या, कॅम्पात त्यांच्या आईने बराकीच्या दाराशी डब्यात तुळस लावली होती. कोनशिला बसली त्या आठवड्यात वडिलांनी ती डब्यातून काढून जमिनीत लावली.

खाडीकिनारा यांनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) विचारलं होतं की त्या रकान्याचं पुढे काय झालं. माटुंग्याच्या मैत्रिणीने त्या बाईचा नंबर घेतला होता, आज तिने फोन केला. कचेरीत सांगितलं की 'श्रीलंकन' लिहा आणि शेजारी कॅम्पाच्या ओळखपत्राचा नंबर घाला. अर्ज भरला गेला, मुलीला बी.कॉम.ला प्रवेश मिळायला हरकत नाही म्हणाले. मुलीने कधी श्रीलंका पाहिलेली नाही.

पामबीच यांनी दिलेली तारीख मी मैत्रिणीकडून विचारून घेतली. मुलीचा जन्म २००८ चा, ती १ जुलै १९८७ मध्ये बसत नाही. आई १९८१ ची, पण जन्म तलैमन्नारचा. मात्र त्यांच्या ओळीतल्या चौथ्या घरात एक रंगारी आहे, तो कॅम्पातच जन्मला आहे, १९८५ किंवा ८६. नक्की साल त्याच्या आईला सांगता येत नाही. सीवूड्स ताई, मावशींच्या वह्या किती सालापासूनच्या आहेत?